मागच्या खोलीविषयी

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागची खोली रिकामी करत असल्याचे मी परवा फोनवर सांगितले, तेव्हा बाबांनी लगेच ‘भाडेकरू ठेवता की काय?’ असे विचारले आणि मी विषय बदलला. तुम्ही आलात की त्याच खोलीत उतरता, त्यामुळे जीभ रेटली नाही. म्हणून हे पत्र.

त्या खोलीत पन्नाशीचे एक गृहस्थ राहायला येणार आहेत. बौद्धिक अक्षमतेमुळे त्यांना एकट्याने राहणे जमत नाही आणि संस्थेत राहण्याची इच्छा नाही. ते आमच्या घरात राहतील आणि त्यांना लागेल तेवढा आधार देणे हे माझे काम असेल. त्याचे मला मानधन मिळेल. त्यांचे नाव मुद्दामच लिहिलेले नाही, कारण त्यांची माहिती बाहेर जाऊ द्यायची नसते आणि या नियमात आई-वडीलसुद्धा बाहेरचेच ठरतात.

हे माझे नवे खूळ आहे असे समजू नका. बेल्जियममधल्या घेल या गावात मानसिक रुग्णांना आपल्या कुटुंबात ठेवून घेण्याची रीत मध्ययुगापासून चालत आली आहे आणि 2023 मध्ये युनेस्कोने तिची दखल घेतली. ब्रिटनमध्ये अशाच व्यवस्थेला ‘शेअर्ड लाइव्ह्ज’ म्हणतात आणि तिथे एका घरात तिघांपेक्षा जास्त जणांना ठेवता येत नाही. आम्ही एकालाच ठेवणार आहोत.

परक्या माणसाला घरात घ्यायचे कसे, ही आईची काळजी मी समजू शकते. पण छाननी झाली ती आमचीच. पोलिसांकडची नोंद, डॉक्टरांचा दाखला, औषधांचे कुलूपबंद कपाट हे सगळे पाहून झाल्यावर, भांडण झाले की तुमचा अबोला किती टिकतो, असेही विचारण्यात आले. मी एक दिवस म्हणाले, हे तीन म्हणाले, आणि छाननीला आलेल्या बाईंनी दोन्ही आकडे शांतपणे लिहून घेतले.

ते गृहस्थ आधी तासाभरासाठी आले, मग दुपारभर आणि मग एका रात्रीच्या मुक्कामाला. त्या सकाळी त्यांनी सदऱ्याचे तिसरे बटण चौथ्या काजात घातले, तेव्हा माझा हात आपोआप पुढे गेला. सोबत आलेल्या बाईंनी मला खुणेनेच थांबवले. आरशासमोर दहा मिनिटे गेली, दोनदा सगळी बटणे सोडून झाली, आणि मी हात मागे बांधून उभी राहिले. औषधांच्या नोंदी आणि खर्चाच्या पावत्या ठेवणे मला जमेल. हे हात मागे ठेवणे मात्र अजून जड जाते.

आई, तू आलीस की त्यांच्याविषयी मला विचारू नकोस, त्यांनाच विचार, आणि त्यांच्यासमोर ‘बिचारा’ हा शब्द नको. बाबा, त्यांच्याकडे दोन घड्याळे असूनही त्यांना तिसरे घ्यायचे आहे. तुम्ही समजावू नका. इंग्लंड-वेल्सच्या 2005 च्या मानसिक क्षमता कायद्यात तर स्पष्टच म्हटले आहे की, निर्णय शहाणपणाचा वाटला नाही एवढ्यावरून माणूस असमर्थ ठरत नाही.

भिंतीवरचा तुमचा फोटो पाहून ‘हे कुठे झोपणार?’ असे त्यांनीच विचारले. आमच्या खोलीत, असे मी सांगितले. आम्ही दोघे बाहेर झोपू. येण्याची तारीख मात्र निदान पंधरा दिवस आधी कळवा, कारण ती त्यांना कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहायची आहे.

तुमची,
मुलगी