आजी ही काय सरकारी योजना आहे का?

संपादक महोदय,

बायकांनी घराबाहेर पडावं, कमवावं, अशी भाषणं हल्ली हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातसुद्धा ऐकायला मिळतात, पण बाहेर पडल्यावर मूल कुणाकडे ठेवायचं ते कोणी सांगत नाही, कारण सगळ्यांनी धरूनच चाललंय की घरात आजी आहे ना. तर ती आजी मी.

माझी सून इथे गोव्यात कुंडईला औद्योगिक इस्टेटीत पॅकिंगला जाते, कंत्राटी. सकाळची शिफ्ट असली की कंपनीची बस उजाडायच्या आत तिठ्यावर येते, नातू झोपेत असला तर बरं, जागा झाला तर गळ्यात पडतो आणि मग बस चुकते. मुलगा टुरिस्ट टॅक्सीवर, सीझनला त्याचा पत्ताच नसतो. मग पेज भरवणं, न्हाऊ घालणं, पाठी धावणं सगळं माझ्याकडे, गुडघे कुरकुरत असताना. नातवाचं करायला माझी ना नाही हो, पण गेल्या पावसाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, झालं, सुनेला बिनपगारी घरी बसावं लागलं, हजेरीचे जादा पैसे गेले ते वेगळेच. एका म्हातारीचा डोळा काय बिघडला, घरातला एक पगार बंद! आणि बेळगाव-सिंधुदुर्गाकडून येऊन भाड्याने राहणाऱ्या बायांचं काय, त्यांच्याकडे तर आजीही नाही, मूल झालं की त्या काम सोडतात.

खासगी पाळणाघरात विचारून बघितलं, सुनेच्या पगाराचा तिसरा हिस्सा तिथेच जातो, मग राबायचं कशाला?

कायदा नाही असं नाही. 2017 पासून 50 किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला बघून यायची मुभा हवी. पण कंत्राटी बाई कंपनीची की कंत्राटदाराची हा वाद मिटतो कधी? लहान शेडमध्ये वीस-पंचवीस माणसं असतात, ती तर कायद्यातच बसत नाहीत. मासे विकणारी, घरकाम करणारी, हॉटेलात चादरी बदलणारी, त्यांनी कोणाच्या दारात जायचं?

केंद्राची पाळणा योजना आहे, अंगणवाडीतच पाळणाघर चालवायचं, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, खर्च केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के. कल्पना एकदम चांगली. पण नियमात वेळ दिवसाला साडेसात तास! आता आठ तासांची शिफ्ट, वर बसचा जाता-येता वेळ, नऊ-दहा तास कुठेच गेले नाहीत, मग उरलेल्या वेळात पोराला घ्यायला कोण येणार, परत आजीच ना? सरकारी ऑफिसचं टायमिंग बघून बनवलेलं वाटतं मला तरी.

आपल्याकडे राज्य सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याला दीड हजार मिळतात, घर सांभाळणाऱ्या बाईला ते मिळायलाच हवेत, माझा त्याला अजिबात विरोध नाही. पण कामावर जाणाऱ्या बाईचं मूल सांभाळायला काय? शेजारच्या कर्नाटकाने 2023 मध्ये रोजगार हमीवर जाणाऱ्या बायांसाठी ग्रामपंचायतींत कूसिन मने नावाची पाळणाघरं जाहीर केली, गोव्याला पंचायती काय कमी आहेत? कॅनडात तर आपली कितीतरी माणसं आहेत, त्यांना विचारा, क्यूबेक प्रांताने 1997 मध्ये दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर सुरू केलं. जागा कमी पडल्या, वेटिंग लिस्ट लागल्या, हेही खरं, पण कितीतरी आया कामावर गेल्या आणि तिथल्या अर्थतज्ज्ञांचा हिशोब असा की त्यांनी भरलेल्या टॅक्समधून सरकारचा खर्च परत आला. फुकट वाटलेला पैसा नव्हता तो.

आमच्या वाड्यावरची अंगणवाडी दुपारी बंद होते. खोली आहे, पंखा आहे, गॅस आहे, संडास आहे, आणि संध्याकाळपर्यंत कुलूप. ती सहा-साडेसहापर्यंत उघडी ठेवा, इस्टेटीच्या आसपासच्या एक-दोन पहाटेपासून चालवा, फी उत्पन्न बघून घ्या, आम्ही देऊ, फुकट कोणी मागत नाही. मात्र आत्ताच्या सेविकेवरच हे लादू नका, तिला आधीच पोषण आहार, वजनं, मोबाईलवर माहिती भरणं, सर्वे, सगळं आहे. दुसरी बाई नेमा आणि नीट पगार द्या, मानधन म्हणून हातावर चार पैसे टेकवू नका, गावातल्याच कुणाला तरी काम मिळेल.

येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. तिथे गटार आणि रस्त्यातच वेळ जातो हे माहीत आहे, म्हणून पत्र लेखीच देणार. आमच्या आमदारांच्या ऑफिसातही एक कॉपी जाईल. रविवारी सुनेला सुट्टी असते, नातू तिच्याकडे राहील, त्यामुळे मी मीटिंग संपेपर्यंत बसू शकते.

– एक आजी, फोंडा तालुका