शाळेच्या ऑफिसचे नेटवर्क आधी वेगळे करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरमधल्या शाळांत प्रवेशाच्या वेळी पालक मुलाचा समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), आधार, जन्मदाखला, पासबुकाची प्रत ऑफिसात देतात. बाबू ते स्कॅन करून एका फोल्डरमध्ये टाकतो. ते फोल्डर आणखी कोणाला दिसते, हे दोन मिनिटांत कळते. स्टाफरूममधला लॅपटॉप शाळेच्या वाय-फायला जोडावा आणि फाइल एक्सप्लोररमध्ये ‘नेटवर्क’ उघडावे. ऑफिसचा संगणक दिसला आणि पासवर्ड न मागता ‘प्रवेश’ फोल्डर उघडले, तर वाय-फायचा पासवर्ड ठाऊक असलेल्या कोणत्याही मुलाच्या फोनवरही ते उघडू शकते. आणि मुलांना तो पासवर्ड ठाऊक असतोच.

याचे मूळ बऱ्याचदा स्कॅनरमध्ये असते. जुने झेरॉक्स मशीन स्कॅन थेट संगणकात पाठवते. पासवर्ड जुळला नाही की दुरुस्तीवाला फोल्डर ‘एव्हरीवन’ला, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना, मोकळे करतो, पासवर्डची अट काढतो आणि विंडोजमधली फाइली वाटून घेण्याची जुनी पद्धत, एसएमबी-१, सुरू करून जातो. स्कॅन येऊ लागते, मग पुन्हा कुणी तिकडे बघत नाही. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबी-१मधल्या दोषातून एका संगणकातून दुसऱ्यात शिरत गेला. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ती न घातलेले संगणक त्याच्या तावडीत सापडले. म्हणून एसएमबी-१ बंदच ठेवावे. मशीन त्याशिवाय चालत नसेल, तर स्कॅन पेनड्राइव्हवर घ्यावे.

पण खरा उपाय जिन्याखालच्या नेटवर्कच्या पेटीत आहे. इंटरनेट कंपनीचा एक राउटर आणि सगळ्या वायरी एकत्र जोडणारा साधा स्विच. त्यातच ऑफिस, लॅब, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर आणि पाहुण्यांचे फोन. साध्या स्विचच्या जागी तीन-चार हजारांचा आठ पोर्टचा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच आणि व्हीलॅन, म्हणजे एकाच वायरीवरची वेगळी नेटवर्क, चालवणारा राउटर बसवला, की त्याच वायरींवर चार वेगळी नेटवर्क करता येतात: ऑफिस, लॅब, वाय-फाय, कॅमेरे. इथे एक चूक सर्रास होते. व्हीलॅन पाडले की काम झाले असे समजतात. पण बहुतेक राउटर ती नेटवर्क आतल्या आत पुन्हा जोडून देतात. बाकी तिघांतून ऑफिसकडे येणारी वाट राउटरमधल्या फायरवॉलच्या (ये-जा अडवणाऱ्या सोयीच्या) नियमाने बंद करावी लागते. ती बंद झाली का, हे लॅबमधल्या संगणकावरून ऑफिसच्या संगणकाला पिंग करून (उत्तर देतो का हे विचारणारा संदेश पाठवून) आणि त्याचे फोल्डर उघडून बघावे. पिंगला उत्तर आले किंवा फोल्डर उघडले, तर नियम पुन्हा तपासावेत. एवढा खर्च लगेच जमत नसेल, तर निदान राउटरमधले ‘गेस्ट’ वाय-फाय सुरू करून फोन तिकडे न्यावेत.

मुख्याध्यापकांना घरून कॅमेरे दिसावेत म्हणून राउटरवर पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येणारी वाट, उघडलेले असते आणि डीव्हीआरचा पासवर्ड कारखान्यातलाच. ते पोर्ट आणि अशी पोर्ट आपोआप उघडणारी राउटरमधली यूपीएनपी सोय बंद करावी. बाहेरून बघायचे तर व्हीपीएन, म्हणजे पासवर्डने सुरक्षित केलेली खासगी जोडणी, वापरावी. फीच्या सॉफ्टवेअरवाल्याला दिलेला कायमचा रिमोट प्रवेशही काढावा, काम असेल तेव्हाच द्यावा. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे. ऑफिसचा संगणक त्यावर असेल, तर तो आधी बदला, लॅब नंतर. बॅकअपची डिस्क कायम जोडलेली असेल, तर खंडणीचा व्हायरस तीही कुलूपबंद करतो. दोन डिस्क घेऊन दर शनिवारी बदलाव्यात, एक कपाटात ठेवावी.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जातो. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. संस्थाचालकांनी तिच्यावर विसंबू नये, कारण कागद आजही त्याच फोल्डरमध्ये पडले आहेत. स्विच बदलताना शाळेचे इंटरनेट दिवसभर बंद राहू शकते. वार्षिक परीक्षा संपल्यावर, एप्रिलचे प्रवेश सुरू होण्याआधीचा एखादा रविवार त्यासाठी आताच ठरवावा, ही कळकळीची विनंती.

आपले,
नेटवर्कचे काम करणारे काही तंत्रज्ञ, इंदूर