पाठपुराव्याची वही सोपवल्याबद्दल

आदरणीय ताई,

सविनय नमस्कार.

तुमच्या संस्थेतील माझी इंटर्नशिप संपली आणि प्रमाणपत्रही हाती आले. परंतु निरोपाच्या गडबडीत ज्या गोष्टीसाठी आभार मानायचे होते, ती बोलायची राहून गेली. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या इतरांनीही ती वाचावी, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. सामाजिक संस्थेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला बहुधा छायाचित्रे काढणे, समाजमाध्यमांसाठी मजकूर लिहिणे आणि संगणकात आकडे भरणे एवढेच येते. तुम्ही मात्र सुरुवातीलाच पाठपुराव्याची वही माझ्याकडे सोपवलीत आणि पुढचा प्रत्येक दिवस त्या वहीनेच ठरवला.

सकाळी आल्याबरोबर ती उघडायची: वस्तीतल्या कोणाचा सरकारी लाभासाठीचा अर्ज कोठे अडला आहे, कोणत्या कागदात त्रुटी निघाली आहे, कोणाला आज फोन करण्याचे कबूल केले आहे. ते फोन आटोपले की वस्तीतील भेटी. दारात गेल्यावर प्रश्नावली पिशवीतच ठेवायची. आपण कोण, कशासाठी आलो, मिळालेल्या माहितीचे पुढे काय होणार आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर न देण्याची पूर्ण मोकळीक आहे हे आधी सांगायचे, संमती मिळाली तरच लिहायला घ्यायचे आणि उठण्यापूर्वी लिहिलेले सारे त्यांनाच वाचून दाखवायचे, हा तुमचा दंडक होता. यामुळे दिवसभरातल्या भेटी कमी होत, हे खरे. पण ‘काम करत नाही’ ही स्वतःबद्दलची नोंद ऐकल्यावर एका बाईंनी घरी बसून करत असलेल्या शिवणकामाचा सगळा हिशेब मांडला, तेव्हा या दंडकाचा अर्थ मला कोणत्याही प्रशिक्षणवर्गापेक्षा अधिक स्पष्ट कळला.

दुपारची उपस्थितीपत्रके आणि प्रवासखर्चाची बिले यांविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही.

संध्याकाळच्या आढाव्यात बैठकीला किती लोक आले, हा प्रश्न तुम्ही सर्वांत शेवटी विचारत असा. आधी विचारत असा, आजची बैठक शिडीच्या कोणत्या पायरीवर होती? अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये मांडलेली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी तुम्ही फळ्यावर काढून दाखवली होती: खालच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नसतोच, मधल्या तीन पायऱ्यांवर लोकांना माहिती दिली जाते, त्यांचे मत विचारले जाते, फार तर समजूत घातली जाते, पण निर्णय दुसऱ्यांच्याच हाती राहतो, आणि भागीदारीपासून वरच्या तीन पायऱ्यांवर अधिकार खरोखर वाटले जाऊ लागतात. आपल्या बहुतेक बैठका मत विचारण्याच्या चौथ्या पायरीवरच थांबतात, हे तुम्ही आम्हा सर्वांसमोर मोकळेपणाने म्हणत असा, आणि देणगीदारांच्या अहवालातही ‘लोकांनी निर्णय घेतला’ असे वाक्य उगाच येऊ देत नसा. (मला स्वतःला ते अहवाल थोडे रुक्ष वाटत, पण त्यातले काही खोडावे लागेल अशी भीती नसे.)

सर्वांत अधिक ऋण मात्र नोंद बंद करण्याच्या नियमाचे आहे. कार्यालयातून ‘मंजूर’ असा निरोप आला, तरी अर्जदाराने स्वतः ‘माझे काम झाले’ असे सांगेपर्यंत त्या नावापुढे खूण करायची नाही, असे तुम्ही बजावले होते. मंजुरी आणि प्रत्यक्ष लाभ यांच्यात बँकेच्या खात्यातील नावाची एखादी अक्षरचूकही आड येऊ शकते, आणि ती शोधण्यासाठी पुन्हा तेच फोन, पुन्हा त्याच खिडकीपुढची रांग हेच आपले काम आहे, हे मला त्यातून उमगले. एका नवख्या मुलीवर तुम्ही ही जबाबदारी विश्वासाने टाकलीत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

जाताना ज्या नोंदी उघड्या राहिल्या, त्यांच्या पुढील तारखा आणि कोणाशी बोलणे झाले आहे याचा तपशील वहीच्या शेवटच्या पानांवर लिहून ठेवला आहे. माझ्या जागी येणाऱ्या प्रशिक्षणार्थीला त्यातले काही अडले, तर माझा क्रमांक अवश्य द्यावा.

तुमची कृतज्ञ,
एक माजी प्रशिक्षणार्थी