ग्रीक देव: आधी हिशेब, मग काव्य

महोदय,

आपल्या पुरवणीतील लेखात ‘ग्रीक देव होमर आणि हीसिअड या प्राचीन कवींनी घडवले’ असे म्हटले आहे. याचा आधार ग्रीक इतिहासकार हिरोडोटस असणार. पण या दोघांनी देवांच्या वंशावळी सांगितल्या, त्यांना उपाधी दिल्या आणि कामे वाटून दिली, एवढेच तो म्हणतो. देव त्याआधीचे आहेत, हे त्यालाही मान्य होते. किती आधीचे, ते कळायला १९५२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मायकेल व्हेन्ट्रिस यांनी लिनियर बी ही ग्रीक भाषेची होमरच्याही आधीची लिपी वाचली.

या लिपीतल्या मातीच्या पाट्यांवर स्तोत्रे नाहीत, राजवाड्यांचे हिशेब आहेत. पाट्या कच्च्याच असत. वाडे जळाले तेव्हा त्या भाजून निघाल्या, म्हणून टिकल्या. ग्रीसमधील पायलोस येथील इ.स.पू. १२०० च्या सुमाराच्या एका पाटीवर देवस्थानांकडे पाठवलेली सोन्याची १३ पात्रे आणि १० माणसे नोंदली आहेत. देवांचा राजा झ्यूस याला एक पात्र आणि एक पुरुष, त्याची पत्नी हेरा हिला एक पात्र आणि एक स्त्री, आणि लगेच पुढे ‘झ्यूसचा मुलगा ड्रिमिओस’! या मुलाचे नाव पुढच्या ग्रीक वाङ्मयात कुठेच येत नाही. माणसे सेवेसाठी दिली की बळी म्हणून, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत.

मद्याचा देव डायोनिसस याला लेखात ‘उशिरा आलेला परका देव’ म्हटले आहे. कथांमध्ये तो नेहमी बाहेरून येतो, त्यामुळे विद्वानांचाही बराच काळ तसाच समज होता. पण क्रीट बेटावरील खानिया येथे मिळालेल्या पाटीवर झ्यूसच्याच देवस्थानात त्याला मध अर्पण केल्याची नोंद आहे. उशिरा आलेली म्हणायची तर प्रेमदेवता अॅफ्रोडायटीला म्हणावे. तिचे नाव पाट्यांत सापडत नाही आणि सायप्रसमधील तिच्या पूजेवर अस्टार्टे या फिनिशियन देवीची छाप दिसते. अर्थात, हिशेबात नाव नाही म्हणजे पूजाच नव्हती, असेही ठामपणे म्हणता येत नाही.

लेखातली मूळ अडचण अशी, की देवाचे नाव, त्याचे पूजास्थान आणि त्याची कथा यांचा उगम एकच धरला आहे. झ्यूसचेच पाहा. नाव आपल्या वेदांतल्या द्यौस या आकाशदेवाच्या नावाचे सख्खे भावंड. गुहेतल्या जन्माची कथा क्रीटची. बापाला पदच्युत करण्याची कथा मात्र पूर्वेकडची: तुर्कस्तानातील हट्टुशा येथे मिळालेल्या हित्ती पाट्यांत कुमार्बी हा देव आकाशदेव अनूचे जननेंद्रिय चावून तोडतो आणि पुढे वादळदेव तेशुब कुमार्बीला हटवतो. हीसिअडच्या काव्यात हेच आकाशदेव युरेनस, त्याचा मुलगा क्रोनस आणि क्रोनसचा मुलगा झ्यूस यांच्याबाबत घडते, फक्त दातांऐवजी विळा येतो. या पाट्या हीसिअडच्या किमान ५०० वर्षे आधीच्या आहेत.

सोबतच्या तक्त्यातही दोन दुरुस्त्या हव्यात. क्रोनस हा काळाचा देव नव्हे. नावातल्या साम्यामुळे प्राचीन लेखकांनीच तो घोळ करून ठेवला. आणि ऑलिंपस पर्वतावरच्या बारा प्रमुख, म्हणजे ऑलिंपियन, देवांत हेडीस सहसा धरला जात नाही, कारण त्याचे राज्य पाताळात. बाकी बाराची यादीही सगळीकडे एक नव्हती. अथेन्सच्या पार्थेनॉनवरील शिल्पपट्टात डायोनिसस बसला आहे, चुलीची देवी हेस्टिया नाही. तर खुद्द ऑलिंपिया या झ्यूसच्या देवस्थानातल्या बारा देवांच्या वेद्यांवर क्रोनस, त्याची पत्नी ऱ्हिआ आणि आल्फिओस नदी यांनाही मान होता.

– एक वाचक