खोक्यात ठेवलेल्या चिठ्ठीबद्दल आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

मॉडेल रेल्वेचं माझं छोटं इंजिन सुखरूप पोहोचलं आणि झकास चालतंय. फोनवर 'थँक यू' म्हणून भागवण्याएवढं लहान काम तुम्ही केलेलं नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

जुनं डीसी इंजिन (रुळांतल्या साध्या विजेवर थेट चालणारं) डीसीसीवर, म्हणजे रुळांतून डिजिटल आज्ञा पाठवण्याच्या पद्धतीवर आणायचं म्हटलं की जो तो आधी डिकोडरसाठी (त्या आज्ञा समजून मोटर चालवणाऱ्या छोट्या सर्किटसाठी) सॉकेट शोधतो. ८ पिनांचं सॉकेट असेल तर काम पटकन होतं. नसेल तर 'नवीनच घ्या' असं ऐकावं लागतं. तुमच्याआधी ज्यांनी हे इंजिन हाताळलं त्यांनी रुळांकडून मोटरला जाणारी वायर कापली, मध्ये डिकोडर जोडला, काळ्या चिकटपट्टीत गुंडाळला आणि बॉडी बसवून दिली. ट्रॅकवर ठेवताच डिकोडर जळाला. 'डिकोडरच खराब होता' म्हणून त्यांनी हात वर केले.

डिकोडर चांगला होता. अशा जुन्या इंजिनांत मोटरचा खालचा ब्रश (मोटरला वीज पोचवणारा तुकडा) क्लिपमार्फत थेट चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो आणि चासी एका रुळाला जोडलेली असते. डीसीवर त्याने काही बिघडत नाही. डीसीसीत मात्र मोटरला वीज मिळायला हवी ती फक्त डिकोडरमधून. रुळाशी एकही थेट जोड राहून गेला, तर रुळाचा व्होल्टेज सरळ डिकोडरच्या मोटर आउटपुटवर येतो आणि तो गेलाच म्हणून समजा. मल्टीमीटरचं एक टोक ब्रशला, दुसरं चासीला लावलं असतं तर बीप वाजून हे आधीच कळलं असतं. एवढीही तसदी त्यांनी घेतली नाही, याचा राग अजून जात नाही.

तुम्ही सोल्डरिंगला हात घालण्याआधी १२ व्होल्ट डीसीवर चाकं क्षणभर धरून स्टॉल करंट (अडवलेली मोटर ओढते तो करंट) मोजलात. तो ०.८ ॲम्पिअर निघाला, म्हणून १ ॲम्पिअरचा डिकोडर निवडलात. खालची क्लिप उचलून तिच्याखाली उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप घातलीत, कारण काळ्या चिकटपट्टीचा गोंद उष्णतेने सुटतो. ब्रशना जोडलेला छोटा कपॅसिटर काढलात. डिकोडर मोटरला सलग करंट देत नाही, झटपट स्पंदनं देतो; कपॅसिटर मध्ये राहिला तर हळू वेगात मोटर अडखळते.

हे सगळं कळलं ते तुमच्या चिठ्ठीमुळे. खोक्याच्या झाकणात घडी करून ठेवलेला काडेपेटीएवढा कागद, पेन्सिलीचं बारीक अक्षर. डिकोडरची लाल वायर उजवा रूळ, काळी डावा रूळ. नारिंगी वरचा ब्रश, करडी खालचा. निळी दिव्यांची सामायिक प्लस, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा. प्रत्येक एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर. कॅबवर रंगवलेला १५०० हाच इंजिनाचा डीसीसी पत्ता, डिकोडरच्या सेटिंगच्या खान्यांत (सीव्ही) असा भरलेला: सीव्ही १७ मध्ये १९७, सीव्ही १८ मध्ये २२०. सीव्ही २९ मध्ये ३४, आणि पुढे 'ॲनालॉग (साध्या डीसीवर चालणं) बंद केलंय, नाहीतर ट्रॅकवर गडबड झाली की सुसाट सुटेल.' शेजारी प्लॅस्टिकच्या पुडीत काढलेला कपॅसिटर.

आणि तळाशी एक ओळ: 'नारिंगी-करडी आधी उलट लागल्या होत्या, सोडवून बदलल्या.'

काका, त्या ओळीसाठी हे पत्र आहे. इंजिन उलटं धावलं की सीव्ही २९ मध्ये १ वाढवून दिशा फिरवता येते, आणि घाईत असलेला माणूस तेच करतो. पण त्याने दिव्यांचीही अदलाबदल होते. इंजिन पुढे जातं आणि पेटतो मागचा दिवा. मग तो घोळ दुसऱ्या सीव्हीत झाकायचा, आणि पुढे जो कुणी बॉडी उघडेल त्याला रंगांवरून काहीच कळू नये अशी गुंतागुंत करून ठेवायची. तुम्ही दोन सांधे पुन्हा गरम केलेत आणि वर ते लिहूनही ठेवलंत. न लिहिता कुणाला पत्ता लागला नसता. झाकलेल्या कामात अशी सचोटी पाळणारी माणसं भेटली की फार बरं वाटतं. वीजजोडणी करणारा असो की घड्याळ दुरुस्त करणारा, आपल्यानंतर हात लावणाऱ्याचा विचार करणारी माणसं थोडीच असतात, आणि त्यांच्याच भरवशावर जुन्या वस्तू चालत राहतात.

हिरवी आणि जांभळी वायर आत्ता लागत नव्हती. ती मुळाशी न कापता टोकांना वेगवेगळी हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवून बाजूला वळवून ठेवलीत. कॅबमध्ये दिवा लावताना हिरवीच कामी येईल, डिकोडर हलवावा लागणार नाही. त्याबद्दल वेगळे आभार.

आपला ऋणी,
१५०० क्रमांकाच्या इंजिनाचा मालक