शाळेच्या जेवणाच्या पत्रकावर गोल, त्रिकोण आणि फुली काढणाऱ्या, आहार पाहणाऱ्या सेन्सेईंना (शिक्षकांना)

आदरणीय सेन्सेई,

सा. न. वि. वि.

जपानीतली आभाराची चिठ्ठी तुमच्या टेबलावर ठेवलीच आहे. हे पत्र मराठीत आणि जाहीर लिहितेय ते मुद्दाम. पुण्या-नाशकाकडून जपानच्या शाळांत इंग्रजी शिकवायला येणाऱ्यांत शाकाहारी माणसं असतात, आणि त्यांची सगळी धास्ती धडा कसा घ्यायचा याची असते. खरा पेच चौथा तास संपल्यावर शाळेच्या जेवणाच्या ट्रेमधून समोर येतो.

'निकु वा ताबेमासेन', म्हणजे 'मी मांस खात नाही', हे वाक्य सगळे पाठ करून येतात. त्याने भागत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात 'निकु' म्हणजे गाय-डुकराचं मांस. मासळी त्यात धरतच नाहीत, हॅमचे तुकडेही पुष्कळदा धरत नाहीत. तुम्ही म्हणूनच 'शाकाहारी' हा शब्द बाजूला ठेवून यादी पुढे केलीत: मांस, कोंबडी, मासे, माशाचा डाशी, अंडं, दूध, जिलेटिन. प्रत्येकापुढे हो किंवा नाही. डाशी हे सगळ्यात अवघड कलम. कात्सुओबुशीचे, म्हणजे धुरावून वाळवलेल्या माशाचे पापुद्रे, नाहीतर निबोशी नावाची बारीक सुकी मासळी उकळून काढलेलं हे पाणी. आपल्या आमटीला जशी फोडणी, तसा इथल्या मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) सूपला डाशी. मासा दिसत नाही, पण असतो. डाशी चालतो की नाही हे ज्याचं त्याने आधी ठरवावं आणि मग वर्षभर तेच सांगावं. आज चालतो, उद्या नाही, याने स्वयंपाकघराची पंचाईत होते.

मग महिन्याचं पत्रक. प्रत्येक दिवसाच्या पदार्थांपुढे जिन्नस तीन रंगांत वाटलेले असतात: लाल गटात मांस, मासे, सोयाबीन, दूध, पिवळ्यात भात, पाव, तेल, हिरव्यात भाज्या आणि फळं. शाकाहाऱ्याने लाल रकाना आधी वाचावा, हे तुमचं पहिलं सांगणं. दुसरं, की त्यावरही विसंबू नये, कारण डाशी आणि सूपचा अर्क त्यात नेहमी छापलेला नसतो. म्हणून तुम्ही पेन्सिलने खुणा करून देता. गोल म्हणजे बिनधास्त खा, त्रिकोण म्हणजे फक्त डाशी, फुली म्हणजे नको. उदाहरणार्थ, भात, दूध, मिसोतला बांगडा, पालकाचं ओहिताशी आणि तोनजिरु हे सूप असा दिवस घ्या. भात-दुधाला गोल, बांगड्याला फुली. पालक निष्पाप दिसतो, पण तो डाशी-सोया सॉसमध्ये मुरवलेला, त्याला त्रिकोण. तोनजिरुत भाज्या कितीही असोत, नावातला 'तोन' म्हणजे डुक्कर, फुली.

फसवे पदार्थ तुम्ही वेगळे लिहून दिलेत, ते इथे उतरवते. हिजिकी या समुद्री शेवाळाच्या भाजीतल्या तपकिरी कडांच्या पांढऱ्या चकत्या म्हणजे चिकुवा, माशाचा लगदा भाजून केलेला. माबो तोफूत तोफू असला तरी डुकराचा खिमा असतो. 'व्हेजिटेबल सूप'मध्ये कोंबडीच्या अर्काची कॉन्सोमे असू शकते. करीच्या तयार वडीत, म्हणजे 'रू'मध्ये, बहुधा प्राण्यांची चरबी. आगारची, म्हणजे समुद्री शेवाळापासूनच्या कान्तेनची, जेली चालते, प्राण्यांपासूनच्या जिलेटिनची नाही. दिसायला दोन्ही सारख्याच.

सगळ्यात जास्त आभार मात्र तुमच्या नकाराचे. "वेगळं शिजवून देता येणार नाही," हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात सांगितलंत, आणि कारणंही दिलीत. शिजवलेल्या पदार्थाचं आतलं तापमान ७५ अंशांवर किमान १ मिनिट राहिलं का, हे मोजून लिहायचं; शिजल्यापासून २ तासांच्या आत मुलांनी जेवायचं; प्रत्येक पदार्थाचा आणि कच्च्या जिनसाचा सुमारे ५० ग्रॅम नमुना उणे २० अंशांखाली २ आठवडे ठेवायचा. मुख्याध्यापक मुलांच्या आधी जेवतात तेही मानपान म्हणून नव्हे, तपासणी म्हणून. एका शिक्षकासाठी वेगळं पातेलं म्हणजे या सगळ्या नोंदी पुन्हा. वगळून दिलेलं जेवण डॉक्टरांच्या तक्त्यासह अर्ज आलेल्या ॲलर्जीच्या मुलांसाठी असतं. आवड-निवड, धर्म, व्रत त्या रांगेत बसत नाही, आणि माझ्या मते बसूही नये. "बघू, प्रयत्न करू" अशा गोड उत्तराने महिनाभर उपाशी राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

त्यामुळे फुलीच्या दिवशी घरचा डबा. जेवण कायमचं बंद करायचं असेल तर आदल्या दिवशी सांगून चालत नाही, माल आधीच मागवलेला असतो. महिना सुरू होण्यापूर्वी कळवावं, म्हणजे पैसेही कापले जात नाहीत.

डब्याबद्दल तुम्ही विचारलेला प्रश्न प्रत्येक मराठी माणसाने लक्षात ठेवावा: "यात शेंगदाणे आहेत का?" आपल्या भाजीत, कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत कूट असतंच, आणि ते दिसत नाही. जपानमध्ये पाकिटावर लिहावीच लागतात अशा ॲलर्जीकारक जिनसांत अंडं, दूध, गहू, सोबा (कुट्टू), कोळंबी, खेकड्याबरोबर शेंगदाणा आहे, २०२३पासून अक्रोडही. परदेशी शिक्षक रोज एकेका वर्गात बसून जेवतो, मुलं डब्यात डोकावतात, "एक घास" म्हणतात. द्यायचा नाही. वाटून खाणं हा आपल्याकडचा संस्कार, इथे तो धोका. चमचाही उसना देऊ नये. नाव काय, चव कशी, हे मात्र इंग्रजीत हवं तितकं सांगावं.

पाचवीच्या 'व्हॉट वुड यू लाइक?' या पाठासाठी जुनी पत्रकं दिलीत, तेही राहू नये. मुलांनी त्यावरच थाळ्या मांडल्या: भात डावीकडे, सूप उजवीकडे, तिन्ही रंग हवेतच. चित्रातल्या पिझ्झापेक्षा हे त्यांना जवळचं.

पुढच्या महिन्याचं पत्रक आलं की माझ्या खणात टाका. पेन्सिल मी आणून देते, तुमची पार झिजली आहे.

कळावे,
आपली नम्र,
शेजारच्या इमारतीतली इंग्रजीची सहायक शिक्षिका