जुन्या रायफलीच्या लाकडाला सँडर लावू नका हो

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मी सैन्यात आर्मरर होतो, म्हणजे युनिटमधल्या हत्यारांची दुरुस्ती हेच माझं काम, रिटायर होऊन आता यावल तालुक्यात केळी बघतो. मागच्या महिन्यात आपल्याच जिल्ह्यातल्या एका संस्थेत जाणं झालं, नाव लिहीत नाही कारण माणसं चांगली आहेत आणि त्यांनी जे केलं ते प्रेमापोटीच केलं. त्यांच्याकडे कवायतीच्या चार जुन्या थ्री नॉट थ्री आहेत, डीपी म्हणजे ड्रिल पर्पजच्या, ज्यातून गोळी सुटत नाही त्या. कार्यक्रमात चकाचक दिसाव्या म्हणून सगळं लाकूड काढून फर्निचरवाल्याकडे दिलं, त्याने सँडर म्हणजे लाकूड घासायचं मशीन फिरवलं आणि वरून काचेसारखं पीयू पॉलिश मारलं. मला कौतुकाने दाखवायला आणलं, मी बट, म्हणजे खांद्याला टेकवायचं मागचं लाकूड, हातात घेतला आणि खरं सांगतो, पोटात कालवलं.

बटच्या मागे पितळेची प्लेट असते, कारखान्यात ती आणि लाकूड एका पातळीत बसवलेलं असतं, बोट फिरवलं तर जोड कळत नाही. इथे लाकूड एवढं खाली गेलंय की पितळेची कड वर आलीय, माझ्या शर्टाची बाही अडकली तिच्यात. लाकडात ठोकलेले शिक्के असतात, कुठे तपासनिसाचा, कुठे सरकारी मालाचा बाण, कुठे कोतमधला म्हणजे शस्त्रागारातला नंबर, ते तीन रायफलींवर पार साफ, चौथीवर अर्धा बाण उरलाय. त्याच रायफलीच्या लोखंडावर मुकुट, खाली जीआरआय म्हणजे राजा जॉर्जची आद्याक्षरं आणि १९४२ साल अजून स्वच्छ दिसतं. लोखंडावरचं आपली नातवंडंही वाचतील, पण लाकडावरचं आता कोणालाच वाचता येणार नाही.

मिस्तरी म्हणाला साहेब शिसव आहे. नाही भाऊ, ते अक्रोड आहे. ही ली-एनफील्ड, शॉर्ट मार्क थ्री, मॉडेल १९०७ सालचं, पहिल्या महायुद्धात आपले जवान हीच घेऊन लढले, आणि बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत कित्येक वर्षं बनत होती. विलायतेत युद्धाच्या काळात अक्रोड कमी पडला तेव्हा बीच आणि बर्चचं लाकूडही वापरलं. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २६ जानेवारी २०२० पर्यंत ही वापरली, त्या दिवशी परेडमध्ये तिला निरोप दिला. आता या नवीन बनणार नाहीत, कपाटात आहेत तेवढ्याच.

मग लाकूड काळंकुट्ट चिकट झालं तर करायचं काय, असं त्या संस्थेतल्या सरांनी मला विचारलं, म्हणून हे पत्र, कारण अशा रायफली अजून बऱ्याच ठिकाणी असतील.

पहिली गोष्ट, रायफल सुताराच्या दुकानात न्यायची नाही, आर्म्स ॲक्ट १९५९ चा आहे आणि डीपी असली तरी ज्याच्या ताब्यात तिची नोंद आहे त्याच्याच देखरेखीत आर्मररकडून लाकूड उतरवायचं. आणि उतरवताना आधी पुढचं लाकूड, म्हणजे फोर-एंड, मगच बट. बटच्या आत लांब बोल्ट असतो, त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं, घाईत मागून लांब स्क्रूड्रायव्हर घालून फिरवला की पुढचं लाकूड तडकतं. मी स्वतः एका नवीन पोराच्या हातून तो कडाक आवाज ऐकलाय, आजही विसरलो नाही.

आता साफसफाई. कॉस्टिकच्या पाण्यात बुडवायचं नाही, लाकडाचे धागे उभे राहतात आणि वाळल्यावर चिरा पडतात. वर कोणी व्हार्निश मारलं असेल तर पेंट रिमूव्हर, मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, आणि खरवडायला लोखंडी पट्टी नाही, प्लास्टिकची किंवा नारळाची शेंडी. नुसता तेलाचा मळ असेल तर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं फडकं पुरतं, दहा वेळा पुसावं लागेल, पुसा. लाकडाच्या आत मुरलेलं जुनं तेल काढायला आपल्याकडे चांगली सोय आहे. भुसावळचं मे महिन्याचं ऊन! बट काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून गच्चीवर ठेवा, अर्ध्या तासाने उघडा, लाकडाला घाम फुटल्यासारखं तेल वर आलेलं दिसेल, पुसा, पलटी करा, परत ठेवा. फोर-एंड लांब आणि पातळ असतो, तो उन्हात वाकू शकतो, त्याला सावलीतच ठेवून चॉक पावडर आणि थिनरचा लेप लावायचा, फळ्याचा खडू नाही, रंगाच्या दुकानात मिळते ती पावडर, वाळली की तेल ओढून पिवळी पडते, मग ब्रशने झाडायची.

पोचे पडलेले असतात त्यासाठी तर पॉलिश पेपर घासायची गरजच नाही. ओलं सुती फडकं पोच्यावर ठेवायचं आणि गरम इस्त्रीचं टोक दोन तीन सेकंद टेकवायचं, चर्र आवाज होतो, वाफ आत जाते, दबलेले धागे फुगतात आणि पोचा वर येतो. एकदा नाही आला तर चार वेळा. जिथे लाकूड तुटून निघून गेलंय तिथे येणार नाही, आणि तो तसाच राहू द्या, कुठेतरी पडल्याची खूण आहे ती. शिक्क्यावर मात्र वाफ देऊ नका, तोसुद्धा दाबूनच उमटवलेला असतो, फुगून पुसट होतो.

शेवटी तेल. ज्या जवसाची चटणी आपण कळण्याच्या भाकरीबरोबर खातो त्याच जवसाचं कच्चं तेल, कारखान्यातही हेच तेल पाजायचे आणि शिपाईसुद्धा हेच चोळायचे. रंगारी जे बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, वापरतात ते लवकर वाळतं, घाई असेल तर तेही चालेल, पण मी घाण्यावरचं कच्चंच घेतो. चार थेंब तळहातावर, तळहात गरम होईपर्यंत चोळायचं, पंधरा मिनिटांनी जास्तीचं कोरड्या फडक्याने पुसून काढायचं, नाहीतर चिकट थर बसतो. रोज एक हात असा आठवडाभर, मग आठवड्याला एक, मग महिन्याला. आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात फेकू नका, हे तेल वाळताना गरम होतं आणि ढिगाला आपोआप आग लागते, मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका. हे मी काळजीपोटी दोनदा सांगतोय, पसरून वाळवा.

त्या चार रायफलींचं पीयू पॉलिश काढता येईल, खाली गेलेलं लाकूड आता परत येणार नाही. पण ज्यांच्याकडे अजून कोणी सँडर लावलेला नाही त्यांनी कृपा करून थांबावं. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये कुठल्याही शाळा कॉलेजला, माजी सैनिकांच्या कार्यालयाला हे काम करायचं असेल तर तुमच्या पेपरमार्फत कळवा, मी येतो, मिस्तरीला शेजारी बसवून एक बट करून दाखवतो, पैसे नकोत, तेलही मीच आणतो. फक्त जून उजाडायच्या आत बोलवा, ऊन आहे तोवर.

आपला,
एक माजी सैनिक, ता. यावल, जि. जळगाव